रँचवरची मुले आणि मुली

गुरे असलेल्या घरात मूल चालायला लागले की गोठ्याकडे वळते. त्याला तिकडे कोणी बोलावीत नाही, आणि कोणी फारसे अडवीतही नाही. हा अनुभव तुम्हा-आम्हाला नवा नाही. पण मुलाला कोणते काम कधी सांगावे, त्या कामापायी शाळा बुडते का, आणि मुलीने मुलाइतकेच काम केले तर पुढे तिच्या पदरात काय पडते, हे प्रश्न मात्र आपण क्वचितच सुटे करून पाहतो. अमेरिकेतील गुरेपालक कुटुंबांना या प्रश्नांशी फार दिवस झगडावे लागले आहे. त्यांची हकिगत आज आपण पाहू.

तिकडे गुरांच्या अशा शेतीला रँच म्हणतात. रँच म्हणजे नुसता मोठा गोठा नव्हे. अफाट कुरण, त्यावर मोकळी चरणारी शेकडो गुरे आणि ती सांभाळणारे एक घर, हे सारे मिळून रँच होते. ही गुरे मुख्यतः मांसासाठी पाळली जातात. आपली रीत आणि भावना वेगळी आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढे जाऊ.

रँच इतकी मोठी का, याचे कारण पावसात आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन मिळू लागली. जिथे पाऊस बरा होता तिथे तेवढ्यात घर चालले. पण अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या मुलखात एका गाईला वर्षभर चरायला पन्नास एकर, कधी त्याहून जास्त रान लागते. म्हणजे १६० एकरांत गाई किती, तर तीन! १९१६ साली सरकारने गुरे पाळणाऱ्यांना ६४० एकर देऊ केले, तरी भागेना. म्हणून रँचवाले सरकारी कुरणे पट्ट्याने घेऊ लागले. रान मोठे, शेजारी दूर आणि गड्यांची मजुरी न परवडणारी. तेव्हा घरातले प्रत्येक माणूस कामाला लागणार हे ओघानेच आले. मग ते माणूस आठ वर्षांचे का असेना!

मुलांच्या वाट्याला कामे वयाप्रमाणे येतात. लहानग्याने कोंबड्यांना दाणे टाकायचे, अंडी गोळा करायची. पुढे एखादे पोरके वासरू त्याच्या हवाली होते. गाय मेली किंवा तिने वासराला जवळ घेतले नाही, तर ते बाटलीने दूध पाजून जगवावे लागते. हे काम सकाळ-संध्याकाळ वेळेवर झालेच पाहिजे. थंडी असो, ताप असो, की सणाचा दिवस असो. आणखी मोठे झाले की घोड्यावर बसून गुरे वळवणे, कुंपणाची तार ताणणे, पाण्याचे हौद पाहून येणे. थंडीच्या अखेरीस पहिलटकर कालवडी विऊ लागल्या की रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन पाळीपाळीने फेऱ्या घालायच्या. वसंतात वासरांना डाग द्यायचा असतो, तेव्हा आसपासच्या रँचवरची माणसे एकमेकांच्या मदतीला येतात. आपल्याकडचे इर्जिकच म्हणा ना! त्या दिवशी पोरेही मोठ्यांच्या बरोबरीने राबतात आणि बरोबरीने जेवतात.

या कामात शिक्षण कोणते? नुसत्या कष्टाने मूल शिकत नाही, दमते. ते शिकते ते जबाबदारीने. “जा, वासराला पाणी दाखव,” असे दहादा सांगितले तर तो हुकूम झाला. “हे वासरू तुझे,” असे एकदाच सांगितले, तर पाणी दाखवायचे राहिले की काय होते ते वासरूच त्याला शिकवते.

ही गोष्ट एका शिक्षकाने हेरली, आणि शिक्षक-बंधुभगिनींनी ती मुद्दाम लक्षात ठेवावी. ओहायो राज्यातील ए. बी. ग्रॅहॅम हे शाळांचे अधीक्षक होते. १९०२ साली त्यांनी मुलामुलींचे एक मंडळ काढले. माती तपासा, निवडक बी लावा, काय झाले ते लिहून ठेवा, असा त्याचा खाक्या होता. अशाच मंडळांतून पुढे ‘फोर-एच’ ही चळवळ वाढली. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे ‘एच’ आहेत, म्हणून हे नाव. १९१४ च्या एका कायद्याने कृषी महाविद्यालयांतील ज्ञान खेड्यापर्यंत नेण्याची व्यवस्था झाली आणि या मंडळांना तिचे पाठबळ मिळाले.

फोर-एचमधले मूल साधारणपणे एक गोऱ्हा घेते. समजा, घेताना तो २७० किलोंचा आहे आणि नऊ महिन्यांनी जत्रेतल्या प्रदर्शनात न्यायचा तेव्हा ५९० किलोंचा झाला. म्हणजे २७० दिवसांत ३२० किलोंची वाढ. रोजची सुमारे १२०० ग्रॅम. मुलाने एक वही ठेवायची. गोऱ्ह्याची किंमत किती, खुराक किती, औषधपाणी किती, लिलावात रक्कम किती आली, हे सारे तीत मांडायचे. नफा झाला तर तो त्याचा; तोटा झाला तर तोही त्याचाच. गुणाकार-भागाकार, टक्केवारी, जमाखर्च हे सारे गणित त्या एका दावणीला बांधलेले असते. अखेर लिलाव होतो आणि नऊ महिने माया लावलेले जनावर दुसऱ्याच्या हाती जाते. तेव्हा मुले ढसाढसा रडतात, आणि आईबाप त्यांना रडू देतात. धंदा आणि माया यांची ओढाताण मुलापासून लपवायची नाही, असे तिथले वळण आहे.

पण या चित्राला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर आपली फसगत होईल. जनावर लाथ मारते, यंत्र हात ओढून घेते. शेतावर मुलांचे जीव जाणाऱ्या अपघातांत ट्रॅक्टर आणि इतर वाहने अमेरिकेत आघाडीवर आहेत. १९३८ च्या तेथील कामगार कायद्याने मुलांच्या मजुरीला आळा घातला. पण आईबापांच्या स्वतःच्या शेतावर राबणाऱ्या मुलांना वयाच्या अटींतून वगळले. २०११ साली शेतकामाचे नियम कडक करण्याचा मसुदा सरकारने काढला, तेव्हा शेतकरी कुटुंबांनी गिल्ला केला आणि २०१२ मध्ये तो मागे घ्यावा लागला. म्हणजे घरच्या शेतावर कायदा थांबतो, आणि सारा भार आईबापांच्या शहाणपणावर येतो. त्या शहाणपणाला मदत म्हणून १९९९ साली तज्ज्ञांनी कामावार मार्गदर्शिका तयार केल्या. त्यांचा रोख साधा आहे: मुलाचे वय किती एवढेच विचारू नका. त्याचा पाय ब्रेकपर्यंत पुरतो का? सांगितलेले त्याच्या ध्यानात राहते का? घाबरले तर ते काय करील? आणि लहान मुलाला कौतुकाने ट्रॅक्टरवर शेजारी बसवणे तर सर्वस्वी वर्ज्य. हा दंडक आपल्याही गावाला लागू आहे, बरं का!

आता मुलगे आणि मुली यांच्याविषयी. यासाठी एका घराचे उदाहरण घेऊ. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवर ‘लेझी बी’ नावाची रँच होती. विस्तार दीड लाख एकरांहून अधिक. १९३० साली जन्मलेली सँड्रा डे ही त्या घरची थोरली मुलगी. धाकटी बहीण आणि भाऊ तिच्याहून बरेच लहान. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. सँड्रा घोड्यावर बसायला शिकली, मोटार हाकायला शिकली, गड्यांबरोबर कामाला जाऊ लागली. एकदा ती रानात गुरे गोळा करणाऱ्या माणसांसाठी दुपारचे जेवण घेऊन निघाली. वाटेत गाडीचे चाक बसले. चाकाच्या चाक्या गंजून घट्ट झालेल्या. एकटीने खटपट करून तिने चाक बदलले आणि उशिरा का होईना पोचली. शाबासकी मिळेल असे तिला वाटले होते. वडील एवढेच म्हणाले, की तू लवकर निघायला हवे होतेस. ही आठवण तिने आणि तिच्या भावाने मिळून लिहिलेल्या २००२ सालच्या ‘लेझी बी’ या पुस्तकात आहे. वडील कठोर होते असे कोणी म्हणेल. मुलगी आहे म्हणून त्यांनी माप बदलले नाही, असेही म्हणता येईल.

त्याच आईबापांनी आणखी एक गोष्ट केली. रँचजवळ चांगली शाळा नव्हती, म्हणून सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी तिला आजीकडे एल पासो शहरात ठेवले. हाताशी आलेले पोर कामावरून काढून शाळेत धाडणे सोपे नसते. ती मुलगी कायदा शिकली. १९५२ साली पदवी घेऊन बाहेर पडली, तेव्हा बाई म्हणून वकिलांच्या पेढ्या तिला दारात उभे करीनात. आणि १९८१ मध्ये तीच, सँड्रा डे ओकॉनर या नावाने, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिली स्त्री न्यायाधीश झाली. रँचचा कारभार पुढे भावाने पाहिला. १९८० नंतरच्या काळात कुटुंबाने ती टप्प्याटप्प्याने विकून टाकली.

तिथल्या बहुतेक घरांत कारभार भावाकडेच जात आला. मुलीने घोडा पळवला, वासरे ओढून काढली, रात्री जागवल्या. पण वारस ठरवण्याची वेळ आली की नाव मुलाचे. रँचचे तीन तुकडे केले तर एकही तुकडा कुटुंब पोसणार नाही, ही अडचण खरी आहे. पण तुकडा करायचा नसेल, तर अखंड रँच मुलाकडेच का, मुलीकडे का नाही, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना १९२८ मध्ये निघाली. मुलींना तिचे दार देशभर उघडले ते १९६९ मध्ये. शेतीच्या गणनेत शेती चालवणारा पुरुष की स्त्री, हे १९७८ पासून विचारू लागले. २०२२ च्या गणनेत शेती चालवणाऱ्यांत स्त्रिया ३६ टक्के आढळल्या. या बायका काही आभाळातून पडल्या नाहीत. त्या आधीही राबतच होत्या. त्यांना मोजत कोणी नव्हते.

आपल्याकडे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला. कागदावर आपण पुढे आहोत. तेव्हा तुमच्या घरी पहाटे शेण काढणारी, वैरण घालणारी, धार काढणारी मुलगी असेल, तर तीन गोष्टी करून पाहा. एक वासरू तिच्या नावाचे करा आणि त्याच्या हिशेबाची वही तिच्या हाती द्या. शाळेच्या वेळी तिला गोठ्यात अडकवू नका. आणि ज्या दिवशी वाटणीची बोलणी निघतील, त्या दिवशी तिलाही बैठकीत बसवा. कामात जिचा वाटा धरला, तिचा वाटा घरातही धरायला हवा.