सोन्याखालचं पाणी

पॅरिसच्या रुंद रस्त्यांना सहसा दुतर्फा झाडं असतात. लूव्रकडून ऑपेराकडे सरळसोट जाणाऱ्या अव्हेन्यू द लोपेराला मात्र ती नाहीत. शार्ल गार्निए या वास्तुरचनाकाराचा तसा आग्रहच होता. आपल्या इमारतीच्या आड एक फांदीही येता कामा नये! म्हणून लूव्रच्या बाजूला उभं राहिलं, की रस्त्याच्या पार टोकाला पाले गार्निए, म्हणजे पॅरिसचं जुनं ऑपेरागृह, नखशिखांत दिसतं. पुढे खांबांची गॅलरी, तिच्यावर हिरवट घुमट, घुमटामागे त्याहून उंच छप्पर आणि छपराच्या टोकावर डोक्यावर लायर हे तंतुवाद्य धरलेला ग्रीक देव अपोलो. हे तीन टप्पे बाहेरूनच नीट बघून घ्यावेत. गॅलरीमागे लोकांनी मिरवायची दालनं आहेत, घुमटाखाली प्रेक्षागृह, आणि सगळ्यात उंच छपराखाली रंगमंच. इमारतीच्या पोटात काय आहे ते गार्निएने बाहेरच सांगून टाकलंय. आत गेल्यावर मात्र तो पावलोपावली काहीतरी दडवतो, आणि जे दडवलंय ते दिसतं त्याहून विलक्षण आहे.

ही वास्तू उभी राहिली त्यामागे एक रक्तरंजित संध्याकाळ आहे. १४ जानेवारी १८५८ रोजी सम्राट नेपोलियन तिसरा पत्नीसह तेव्हाच्या ऑपेरागृहाकडे निघाला होता. ते एका चिंचोळ्या रस्त्यावर होतं. दाराशी पोचता पोचता ऑर्सिनी या इटालियन क्रांतिकारकाने आणि त्याच्या साथीदारांनी बग्गीवर बाँब टाकले. आठ माणसं गेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. सम्राट आणि सम्राज्ञी बचावले. नवं ऑपेरागृह मोकळ्या जागी हवं आणि सम्राटाची बग्गी थेट आत जायला हवी, या विचाराने त्यानंतर जोर धरला. १८६१ च्या स्पर्धेला १७१ आराखडे आले आणि ३५ वर्षांचा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला गार्निए जिंकला. पश्चिमेच्या अंगाला त्याने सम्राटासाठी वळणदार चढण बांधली, म्हणजे बग्गी वर चढावी आणि सम्राट उतरला की जवळच त्याचा बॉक्स. पण १८७० साली साम्राज्यच कोसळलं. पॅरिसला वेढा पडला तेव्हा या अर्धवट इमारतीत धान्य साठवलं गेलं. सम्राट १८७३ च्या जानेवारीत इंग्लंडात वारला, आणि ऑपेराचं उद्घाटन झालं ५ जानेवारी १८७५ ला. सम्राटाच्या चढणीच्या बाजूचे काही दगड आजही कोरायचे राहिलेले दिसतात. सम्राटाच्या दालनांत आता ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. जुन्या प्रयोगांच्या नेपथ्याची छोटी छोटी मॉडेलं तिथे मांडलीत. ती चुकवू नयेत.

तिकीट दाखवून आत शिरलेले बहुतेक प्रवासी घाईघाईने प्रेक्षागृह गाठतात. मी म्हणेन, आधी खालीच रेंगाळा. प्रेक्षागृहाच्या बरोबर खाली एक गोल दालन आहे. वर्षाची तिकिटं काढणारे श्रीमंत वर्गणीदार बग्गीतून उतरून इथे यायचे. त्याच्या छताकडे मान वर करून बघितलं तर मधोमध वेलबुट्टी दिसते. नजर स्थिरावली की तिच्यातून अक्षरं सुटी व्हायला लागतात. गार्निएचं पूर्ण नाव आणि १८६१ ते १८७५ ही सालं त्याने त्या नक्षीत गुंफून ठेवलीत. चौदा वर्षं एका इमारतीला दिलेल्या माणसाची सही इतकी अवघड जागी असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. जिन्याखालच्या कुंडाजवळ पिथिया या भविष्यवेत्तीचा ब्राँझचा पुतळा आहे. त्यावर शिल्पकार म्हणून मार्चेल्लो हे नाव येतं. पण हा मार्चेल्लो म्हणजे आदेल दाफ्री ही स्त्री. त्या काळात शिल्पकार म्हणून आपलं काम गांभीर्याने घेतलं जावं म्हणून तिने पुरुषाचं नाव धारण केलं होतं.

मग तो जिना. पायऱ्या पांढऱ्या संगमरवराच्या, कठड्याचे ठेंगणे खांब लालसर दगडाचे, आणि हात ठेवायची पट्टी ऑनिक्सची, गुळगुळीत, थंडगार. वर ३० मीटर उंचीपर्यंत पोकळी आहे आणि तिच्या चारही बाजूंनी सज्जे. सज्जे कशासाठी, तर जिना चढणाऱ्यांना बघण्यासाठी. प्रेक्षकांचं येणं-जाणं, थांबणं, एकमेकांना न्याहाळणं हाही गार्निएच्या लेखी देखाव्याचाच भाग होता. घेरदार झगे घातलेल्या बायका आरामात चढतील इतका हा जिना ऐसपैस आहे. वरचं ५४ मीटर लांबीचं मोठं दालनही मध्यंतरात फिरण्यासाठीच. एकीकडे खिडक्या, दुसरीकडे आरसे, वर चित्रं आणि जिकडे तिकडे सोनेरी झळाळी.

पण सोनं सगळीकडे खरं नाही! प्रेक्षागृहात गार्निएने एक युक्ती केली. दिव्याचा उजेड ज्या कंगोऱ्यांवर पडतो तेवढ्यांवरच सोन्याचा वर्ख लावायचा, आणि सावलीतल्या भागाला पिवळसर मातकट रंग द्यायचा. डोळा उरलेलं सोनं स्वतःच भरून घेतो. बॉक्सच्या पुढच्या भागावरची एखादी पानाफुलांची माळ निवडून जवळून बघितली तर वर्ख कुठे संपतो आणि रंग कुठे सुरू होतो ते सापडतं. रंगमंचावरचा लालसोनेरी चुण्यांचा दर्शनी पडदासुद्धा रंगवलेलं सपाट कापड आहे. गोंडे, झालर, चुण्या, सगळं कुंचल्याचं. दगडी भिंतींच्या आत लोखंडाचा सांगाडा आहे, तोही कुठे दिसू दिलेला नाही.

डोळ्यांचं झालं, आता कानांचं. ऑपेराचा गायक ध्वनिक्षेपकाशिवाय गातो. पुढ्यात पूर्ण वाद्यवृंद, समोर सुमारे दोन हजार माणसं, आणि शेवटच्या गॅलरीपर्यंत एकटा गळा पोचवायचा. आपल्या संगीत नाटकांच्या नटांनाही हे आव्हान होतं. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये बालगंधर्व गायले त्या काळातली गोष्ट. पाश्चात्त्य गायक तालमीने गळ्याची पोकळी अशी घडवतात, की आवाजाची बरीच ताकद ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटते. वाद्यवृंदाचा जोर त्याच्या खूप खाली, ५०० हर्ट्झच्या जवळपास असतो. त्यामुळे ओरडावं लागत नाही, वाद्यांनी मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यातून आवाज आरपार जातो. राहिला प्रश्न वास्तूचा. ध्वनी कुठल्या पृष्ठभागावर किती विरतो, याचं मोजमाप अमेरिकेत वॉलेस सॅबिनने केलं ते १८९५ नंतर. गार्निएने पुस्तकं धुंडाळली, नाट्यगृहं पाहिली, आणि हाती परस्परविरोधी सल्ले आले. शेवटी आपण सगळं दैवावर सोडलं, असं त्याने स्वतःच मोकळेपणी लिहून ठेवलंय. आणि सभागृह उत्तम वाजलं! नालेच्या आकाराची बैठक, कुठेही फार मोठा सपाट पृष्ठभाग नाही, भरपूर नक्षी, लाकूड आणि मखमल, या सगळ्याचा त्यात वाटा असणार.

आता पाण्याकडे येऊ. अख्खं नेपथ्य खाली उतरवता यावं म्हणून रंगमंचाखाली कित्येक मजल्यांचं तळघर हवं होतं. खोदकाम सुरू झालं आणि पाणी लागलं. इथली भूजलपातळीच उंच. १८६२ साली वाफेचे पंप महिनोन्महिने रात्रंदिवस चालवले, तरी पाणी येतच राहिलं. मग गार्निएने पाण्याशी भांडण सोडलं. दुहेरी भिंती आणि काँक्रीट घालून त्याने तळाशी प्रचंड टाकं बांधलं आणि ते पाण्यानेच भरलं. रिकामी बादली हौदात दाबली तर वर उसळते, भरलेली गुमान खाली बसते. इथेही तेच. जमिनीतलं पाणी तळ वर उचलू बघतं, आणि टाक्यातलं पाणी आपल्या वजनाने तो दाबून धरतं. आग लागलीच तर तेच पाणी हाताशी. पॅरिसचे अग्निशमन जवान आजही या टाक्याच्या अंधारात पोहण्याचा आणि बुडी मारण्याचा सराव करतात. इथूनच गास्तों लरू या लेखकाने ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ कादंबरीतलं भूमिगत सरोवर उभं केलं. कादंबरीतला झुंबर कोसळण्याचा प्रसंगही १८९६ च्या खऱ्या अपघातावरून सुचलेला. त्या रात्री प्रयोग चालू असताना झुंबराचं एक प्रतिवजन निसटलं आणि छत फोडून खाली आलं. एक स्त्री मरण पावली. प्रवाशांना टाकं दाखवत नाहीत. पण मखमली खुर्च्यांपर्यंत गेलात की आपल्या पायांखाली खोल ते पाणी आहे आणि त्याच्याच भाराने हे सगळं स्थिर आहे, एवढं ध्यानात ठेवा.

मुख्य झुंबर सुमारे सात टनांचं आहे. त्याच्या भोवतीचं छत बघून अनेकजण चमकतात, कारण लालसोनेरी दालनात अचानक निळे, हिरवे, पिवळे रंग उधळलेले दिसतात. हे काम चित्रकार मार्क शागालचं. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी ते त्याच्यावर सोपवलं, आणि १९६४ मध्ये ते लोकांसमोर आलं तेव्हा शागाल ७७ वर्षांचा होता. त्याने मोबदला घेतला नाही. १४ संगीतकारांना वाहिलेलं हे चित्र जुन्या वास्तूत उपरं आहे, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला ते पटत नाही. गार्निएच्या वळणांवर हे रंग तरंगत राहतात आणि खालचा सोनेरी गच्चपणा हलका होतो. शिवाय मूळ चित्र पुसलेलं नाही. शागालचं छत त्याच्याखाली वेगळं टांगलंय.

रंगमंच ४८ मीटरहून अधिक रुंद आणि २७ मीटर खोल आहे, आणि प्रेक्षकांच्या दिशेने ५ टक्के उतरता. म्हणजे मागची कड पुढच्या कडेपेक्षा सुमारे १.३५ मीटर उंच. या उतारावर पायाच्या बोटांवर तोल धरून गिरक्या घ्यायच्या, हे बॅलेच्या कलावंतांचं रोजचं काम. इथे भारताच्या काल्पनिक कथाही खूप रंगल्या. संगीतकार मास्नेचा ‘लाहोरचा राजा’ हा ऑपेरा याच मंचावर १८७७ साली पहिल्यांदा झाला. नर्तक नुरेयेव्हने देवदासीच्या कथेवरचं ‘ला बायादेर’ हे बॅले इथेच १९९२ च्या ऑक्टोबरात बसवलं, दुर्धर आजाराने खंगलेला असताना. पुढच्या जानेवारीत तो गेला. त्या भारतात आपल्या ओळखीचं फारसं काही नसतं. तरी एवढ्या दूरच्या कलावंतांनी त्या कल्पनेवर जीव पाखडावा, हे बघून मन भरून येतं.

तळघरात आणखी एक ठेवा होता. १९०७ साली तेव्हाच्या नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका धातूच्या कुंभांत सीलबंद करून इथे ठेवल्या. अट अशी, की शंभर वर्षं उघडायच्या नाहीत. अट पाळली गेली. शतक उलटल्यावर कुंभ उघडले आणि काचेच्या कपच्यांनी विलग ठेवलेल्या त्या तबकड्यांतून कारुसो, मेल्बा, पात्ती यांचे आवाज पुन्हा ऐकू आले.

जाणार असाल तर आदल्या दिवशी ओर्से संग्रहालयात जा. ऑपेराच्या दर्शनी भागावरचं शिल्पकार कार्पोचं ‘नृत्य’ हे शिल्प मूळ रूपात तिथे आहे. १८६९ साली त्यातल्या नग्न नर्तकींवर गहजब झाला होता आणि कुणीतरी त्यावर शाईची दौत फेकली होती. ऑपेरावर आता दिसते ती प्रतिकृती. ओर्सेतच ऑपेराचं मधोमध उभं कापलेलं मोठं मॉडेल आहे. प्रेक्षक बसतात तो भाग एकूण इमारतीत किती लहान आहे, आणि रंगमंचाच्या वरखाली यंत्रांसाठी केवढी जागा सोडलीय, हे तिथे एका नजरेत कळतं. दिवसाच्या फेरीत तालमीमुळे प्रेक्षागृह अनेकदा बंद असतं, म्हणून तिकीट काढतानाच विचारून घ्या. जमलं तर संध्याकाळचं बॅले बघा, कारण १९८९ मध्ये बास्तीयचं नवं ऑपेरागृह झाल्यापासून मोठे ऑपेरा बहुतांशी तिकडे होतात. कडेच्या बॉक्समधल्या मागच्या खुर्च्या स्वस्त असतात. तिथून मंचाचा तुकडाच दिसतो, पण समोरचे बॉक्स मनसोक्त बघता येतात. ही जागा त्या बघण्यासाठीही बांधलीय.