दूरचित्रवाणी संचाची बहुउपकरण जोडणी

दूरचित्रवाणी संचाची बहुउपकरण जोडणी : एकाच उच्च विभेदनक्षम दूरचित्रवाणी संचास सेट टॉप बॉक्स, संगणक, तबकडीवादक, खेळयंत्र, ध्वनिवर्धक यांसारखी अनेक उपकरणे जोडून त्यांपैकी इच्छित उपकरणाचे चित्र व ध्वनी निवडण्याची व्यवस्था. तारांची टोके खाचांत बसविली की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. तथापि चित्राची प्रत संदेशमार्गातील सर्वांत कमी क्षमतेच्या घटकावरून ठरते, आणि वापरणाऱ्याची सुरक्षितता बहुधा दृष्टीआड राहणाऱ्या एका तारेवर, म्हणजे उपकरण जमिनीशी जोडणाऱ्या तारेवर, अवलंबून असते.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या मुंबईच्या जुन्या वस्त्यांत या विषयास विशेष महत्त्व आहे. १९२० नंतरच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळींतील एक खोली सु. १६० चौ. फुटांची होती. अशा घरात संच एकच, तो ठेवण्याची जागा एकच आणि पुष्कळदा विजेची खाचही एकच. आजोबांच्या बातम्या, मुलांचा खेळ व सुनेची मालिका यांना हाच पडदा वाटून घ्यावा लागतो. शाळा बंद असताना २०२०-२१ मध्ये काही घरांत भ्रमणध्वनीवरील वर्गही याच पडद्यावर आणले गेले.

मुंबईत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी जोडणीचा प्रश्न नव्हता : छपरावरील आकाशकापासून ३०० ओहम संरोधाची चपटी दुहेरी तार खाली येई व संचास मिळे. १९८० नंतर व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर आला. त्याचा संदेश एका रिकाम्या वाहिनीच्या कंप्रतेवर चढवून आकाशकाच्याच खाचेतून संचात सोडला जाई. तार मात्र प्रत्येक वेळी काढघाल करावी लागे. पुढे इमारतीत एकच रेकॉर्डर ठेवून समाक्ष केबलने घरोघरी चित्रपट पुरविणारे निघाले. केबल व्यवसायाचा उगम यातच आहे. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईतील केबल सेवा अंकीय करण्याची अंतिम मुदत होती. त्यानंतर केबल थेट संचात न जाता सेट टॉप बॉक्समध्ये जाऊ लागली. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे लोकांच्या तोंडचा लॅमिंग्टन रोड, पूर्वी रेडिओच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होता. या नव्या तारांचा बाजारही तेथेच भरला.

तारांचे प्रकार : पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या टोकांची त्रिकुटी तार अजून अनेक घरांत वापरात आहे. यातील पिवळ्या तारेतून संपूर्ण चित्र एकाच सदृश संदेशाच्या रूपात जाते व त्यात दृश्य रेषा केवळ ५७६ असतात. उरलेल्या दोन तारा ध्वनीच्या. उच्च विभेदनाच्या चित्रात १,०८० रेषा व प्रत्येक रेषेत १,९२० बिंदू असतात. ते या तारेतून जाणे अशक्य आहे. संच नवा, वाहिनीचे शुल्क उच्च विभेदनाचे आणि तार मात्र पिवळी, असे दृश्य वारंवार दिसते. त्यात ४ : ३ प्रमाणातील चित्र १६ : ९ च्या पडद्यावर ताणले गेल्यास माणसे बसकी व रुंद दिसतात आणि दोष संचाला दिला जातो. उच्च विभेदनासाठी वाहिनी, बॉक्स, तार व पडदा हे चारही त्या क्षमतेचे असावे लागतात.

यासाठी सध्या प्रामुख्याने एचडीएमआय हा अंकीय जोडमार्ग वापरतात. त्याचे पहिले विनिर्देश डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या टोकात १९ संपर्क असतात. मूळ रचनेत तारांच्या तीन जोड्या चित्र व ध्वनी वाहतात आणि चौथी कालस्पंद वाहते. २०१७ च्या २.१ आवृत्तीत ही चौथी जोडीही माहिती वाहण्यासाठी वापरता येते. सेकंदास ६० चित्रे व प्रत्येक बिंदूस २४ बिट धरल्यास केवळ दृश्य चित्रासाठी सेकंदाला सु. ३०० कोटी बिट वाहावे लागतात. त्यामुळे साधी तार फार लांब नेल्यास पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके दिसतात किंवा चित्र मधूनमधून नाहीसे होते. सदृश चित्र हळूहळू फिके होत जाई. अंकीय चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि एकदम जाते.

उर्वरित संपर्कांचे काम अधिक मनोवेधक आहे. तार बसविताच उपकरण ५ व्होल्टचा दाब पाठविते आणि संच आपण कोणती विभेदने व कोणते ध्वनिप्रकार स्वीकारू शकतो, याची यादी उलट कळवितो. त्यानंतर नक्कलप्रतिबंधक संकेताची देवघेव होते. ती फसल्यास तार व उपकरण दोन्ही निर्दोष असूनही पडदा काळा राहतो. अशा वेळी प्रथम संच व नंतर उपकरण पुन्हा सुरू केल्याने पुष्कळदा काम होते, कारण ओळखीची देवघेव नव्याने घडते.

लहान संचांना बहुधा दोनच खाचा असतात. उपकरणे अधिक असल्यास निवडक वापरतात : अनेक उपकरणे आत, संच एक. याच्या उलट कार्य विभाजकाचे : उपकरण एक, पडदे अनेक. दुकानात या दोहोंची गल्लत नेहमी होते. गणेशोत्सवात मंडपातील चित्र रांगेतील पडद्यांवर दाखवायचे असल्यास विभाजक लागतो, आणि अंतर मोठे असल्यास प्रकाशीय तंतूची तार घ्यावी लागते. विभाजकाला जोडलेल्या पडद्यांपैकी एक जरी कमी क्षमतेचा असला, तरी अनेक विभाजक सर्वांना त्याच प्रतीचे चित्र पुरवितात. ध्वनिवर्धकासाठी संचावरील ‘एआरसी’ असे लिहिलेली खाचच वापरावी; २००९ पासूनच्या आवृत्त्यांत तिच्यातून संचाचा ध्वनी उलट दिशेने बाहेर जाऊ शकतो.

भूसंपर्कन : अनेक उपकरणे एकत्र जोडण्यातील खरा धोका येथे आहे. जुन्या चाळींत लाकडी पट्टीवरून नेलेली दोन तारांची बिजागरी अजून सापडते. तीत तिसरी, अर्थिंगची तार नसते. आजच्या बहुतेक उपकरणांतील वीजपुरवठा-विभागात गोंगाट शोषण्यासाठी बसविलेल्या धारित्रांमधून २३० व्होल्टच्या बाजूकडून धातूच्या भागाकडे अत्यल्प प्रवाह झिरपतो. एका उपकरणाचा प्रवाह जाणवतही नाही. चार उपकरणांचे धातुभाग एचडीएमआय तारेच्या आवरणाने एकमेकांस जोडले की हे प्रवाह एकत्र होतात. हाताला मुंग्या येतात व टेस्टर उजळतो. त्यात केबलचे बाह्य आवरण जिन्यातील विवर्धकाशी जोडलेले असते, आणि त्या विवर्धकाचा पुरवठा निराळ्या कलेवरचा असू शकतो. चालू उपकरणाची तार अशा स्थितीत खुपसताना क्षणिक प्रवाह संदेशाच्या संपर्कांतून गेल्यास खाच जळते. ‘पावसात बॉक्स गेला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

म्हणून जोडणीपूर्वी सर्व उपकरणे विजेपासून अलग करावीत, बॉक्सची समाक्ष केबल काढावी, एचडीएमआय तारा बसवाव्यात, नंतर केबल व शेवटी वीज जोडावी. सर्व उपकरणे भूसंपर्क असलेल्या एकाच पट्टीवर घ्यावीत. भार वाढेल ही भीती येथे अस्थानी आहे, ८० सेंमी. च्या एलईडी संचास सु. ५० वॉट पुरतात. त्याच पट्टीवर इस्त्री मात्र लावू नये. अर्थिंगची तार नळास बांधण्याची जुनी रीत सोडावी, कारण मधला नळ प्लॅस्टिकचा झाला की तो मार्ग तुटतो आणि वरचा लोखंडी तुकडा शेजाऱ्याच्या मोरीत धोका निर्माण करतो. ती तार शून्यतारेस जोडणे याहून घातक होय : शून्यतार कोठे तुटली, तर संचाचे सर्व धातुभाग पूर्ण दाबावर येतात. जिन्यापासून खोलीपर्यंत स्वतंत्र भूतार आणणे हाच उपाय असून ते काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाचे आहे. एका खोलीपुरते न करता सबंध मजल्याने मिळून केल्यास खर्चही विभागला जातो.

पुनर्विकासात हा प्रश्न पालटतो. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौ. फुटांची घरे मिळाली. नव्या घरात संच भिंतीवर टांगताना तारा गिलाव्यात कायमच्या पुरण्याचा मोह होतो. त्याऐवजी संचापासून खालच्या फळीपर्यंत किमान ४ सेंमी. व्यासाची मोकळी नळी बसवावी व वळणे रुंद ठेवावीत, म्हणजे तारेचे टोक तीतून सरकते आणि पुढील आवृत्तीची तार भिंत न फोडता ओवता येते.