गहाण पडलेले घर आणि हेलसिंकीचे पदक

देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि छत्रपती शहाजी महाराज झाले, हे आमच्या इकडच्या जुन्या मंडळींस चांगले ठाऊक आहे. परंतु पुढच्याच वर्षी लंडनच्या ऑलिंपिकसाठी एका तरुण पैलवानाच्या प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या या महाराजांनी उचलला, ही गोष्ट मात्र देवासात फारसे कोणी सांगत नाही. तो पैलवान म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव.

माझे वडील धारच्या दरबारी अगदी कोवळ्या वयात तंबोऱ्यावर बसू लागले होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. ते सांगत, की संस्थानच्या खर्चाच्या वहीत गवई, पखवाजी आणि पैलवान ही मंडळी जवळजवळ शेजारीच नांदत. गवयाला शिधा, पैलवानाला खुराक. १९४८ साली धार आणि देवास मध्यभारतात विलीन झाले आणि ती वही मिटली. १९४९ साली कोल्हापूरचीही तीच गत झाली. गवयाला निदान शिकवण्या तरी मिळतात, माझा प्रपंच आज त्यांवरच चालतो. पैलवानाने दूध, तूप नि बदाम कोणाच्या दारी मागावेत?

खाशाबांचा जन्म १९२६ चा. वडील स्वतः पैलवान, पाच भावांत हे धाकटे. घरच्या तालमीतला हा मुलगा लंडनला गेला तेव्हा गादीवरच्या कुस्तीची त्याला सवय नव्हती. लाल मातीत पाय रुततो, पकड सावकाश बसते. गादीवर सारा व्यवहार चपळाईचा, आणि नियमही निराळे. खुल्या मैफलीत वाढलेल्या गवयाला आकाशवाणीच्या बंद खोलीत घड्याळ लावून गायला बसवावे, तसेच काहीसे. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तेथे त्यांना थोडे मार्गदर्शन केले, आणि फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. पदक नव्हते, पण आपल्याला काय शिकावयाचे आहे, ते त्यांना कळले.

खरी अडचण १९५२ साली उभी राहिली. हेलसिंकीला जायचे, आणि या वेळी पाठीशी दरबार नाही. मुंबई सरकारकडे हात पसरला, वेळेवर काही हाती लागले नाही. मग गावकऱ्यांनी वर्गणी काढली, दुकानदुकान फिरून पैसा जमवला. तरी भागेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! मीही शिक्षक आहे. शिष्यासाठी रात्र रात्र जागणे मला समजते, क्वचित पदरचे चार पैसे खर्चणेही समजते. पण घर गहाण टाकायचे म्हणजे घरात बायकोला काय सांगायचे, इथपासून प्रश्न सुरू होतात.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोपर्यंतच्या वजनात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी एकामागून एक हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशीशी लढत झाली. ती पुष्कळ लांबली आणि गुणांवर गेली. इशीच पुढे त्या गटाचा सुवर्णविजेता ठरला. ही कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण ते ठणकावून सांगायला आपल्या पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता.

छातीत दम नसताना उभे राहणे म्हणजे काय, हे गाणाऱ्यास सांगावे लागत नाही. तासभर ख्याल गाऊन उठलेल्या माणसाला श्वास खाली बसण्याआधीच दुसरा राग मांड म्हटले, तर सूर लागेल, पण टिकणार नाही. आम्हा देवासकरांनी तर श्वासाची किंमत जवळून पाहिली आहे: खाशाबा लंडनला गेले त्याच १९४८ साली क्षयाने जर्जर झालेले कुमार गंधर्व हवापालटासाठी येथे राहायला आले आणि काही वर्षे त्यांचे गाणेच बंद होते. असो. खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदकावर थांबले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मला त्या मिरवणुकीपेक्षा पुढची हकिकत मोठी वाटते. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत स्वतः लढले, आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. १९५६ च्या ऑलिंपिकची उमेद गुडघ्याच्या दुखापतीने संपवली. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार त्यानंतर, दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला नाव त्याहूनही नंतर. दुसरे वैयक्तिक पदक या देशाला मिळाले ते १९९६ साली, लिअँडर पेसच्या टेनिसमुळे. मधल्या ४४ वर्षांत आपल्या तालमींतून किती पोरे घाम गाळून गेली, आणि किती जणांना खर्डेकर भेटले नाहीत, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.