डेव्हिड त्रेझेगे

डेव्हिड सर्जिओ त्रेझेगे (जन्म : १५ ऑक्टोबर १९७७, रुआँ, फ्रान्स) हा फ्रान्सचा निवृत्त फुटबॉल खेळाडू आहे. तो आघाडीच्या फळीत खेळत असे. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून त्याने ७१ सामन्यांत ३४ गोल केले. १९९८चा विश्वचषक आणि युरो २००० जिंकणाऱ्या दोन्ही संघांत त्याचा समावेश होता. इटलीतील युव्हेंतस या क्लबकडून तो २००० ते २०१० अशी दहा वर्षे खेळला. वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्याने हा क्लब सोडला आणि पुढील चार वर्षांत स्पेन, संयुक्त अरब अमिराती, अर्जेन्टिना व भारत अशी मजल केली. महाराष्ट्रातील एफसी पुणे सिटी हा त्याच्या कारकिर्दीतील अखेरचा क्लब ठरला.

नावाविषयी

आडनावाच्या शेवटचा ‘ट’ फ्रेंच उच्चारात लुप्त होतो. रोमन अक्षरांवर विसंबून मराठीत ‘ट्रेझेग्वेट’ असे लिहिले जाते. ते मूळ उच्चारापासून बरेच दूर आहे. गोल करण्याच्या त्याच्या हातोटीमुळे चाहत्यांनी त्याला ‘त्रेझेगोल’ हे टोपणनाव दिले. इजिप्तचा खेळाडू महमूद हसन हादेखील ‘त्रेझेगे’ याच नावाने ओळखला जातो. ते नाव त्याला या खेळाडूशी असलेल्या साधर्म्यावरून पडले आहे, दोघांत नाते काही नाही.

प्रारंभिक काळ

त्रेझेगेचे वडील होर्हे हे अर्जेन्टिनाचे व्यावसायिक फुटबॉलपटू होते. ते रुआँच्या क्लबकडून खेळत असताना डेव्हिडचा जन्म झाला. पुढे कुटुंब अर्जेन्टिनाला परतले आणि त्याचे बालपण ब्युनोस आयर्स परिसरात गेले. जन्माने फ्रेंच आणि वाढीने अर्जेन्टिनी, असा हा दुहेरी वारसा त्याच्या पुढच्या निर्णयांमागे वारंवार दिसतो. प्लातेन्से या क्लबकडून मोजके सामने खेळून तो १९९५ साली फ्रान्समधील मोनाको क्लबमध्ये दाखल झाला. मोनाकोने १९९७ आणि २००० साली फ्रेंच लीगचे विजेतेपद मिळवले. मार्च १९९८मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्यपूर्व सामन्यात त्याने मारलेल्या फटक्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक नोंदला गेला. १–१ अशा बरोबरीच्या त्या सामन्यातील हा एकच गोल मोनाकोला पुढच्या फेरीत घेऊन गेला. त्याच वर्षी फ्रान्सने विश्वचषक जिंकला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

सुवर्ण गोल

२ जुलै २००० रोजी रॉटरडॅम येथे युरो स्पर्धेचा अंतिम सामना फ्रान्स आणि इटली यांच्यात झाला. इटली १–० असा आघाडीवर होता आणि भरपाई वेळेतील शेवटचे क्षण चालू असताना सिल्व्हाँ विल्तोरने बरोबरी साधली. त्या काळी ‘सुवर्ण गोल’चा नियम होता, जादा वेळेत ज्या संघाचा पहिला गोल होईल, तो तत्क्षणी विजयी ठरे. १०३व्या मिनिटाला डाव्या बाजूने रोबेर पिरेसने चेंडू मागे दिला आणि त्रेझेगेने डाव्या पायाने तो जाळ्याच्या वरच्या भागात धाडला. सामना तिथेच संपला.

इटलीच्या आलेस्सान्द्रो देल पियेरोने त्या सामन्याच्या उत्तरार्धात दोन सोप्या संधी दवडल्या होत्या व त्यासाठी मायदेशात त्याच्यावर टीकेची झोड उठली. काही आठवड्यांतच त्रेझेगे युव्हेंतसमध्ये देल पियेरोचा सहकारी झाला. ज्याने पराभव पदरी घातला, त्याच्याच खांद्याला खांदा लावून खेळण्याची वेळ देल पियेरोवर आली. आणि ही जोडी दहा वर्षे टिकली.

युव्हेंतस (२०००–२०१०)

२००१–०२च्या हंगामात त्रेझेगेने इटालियन लीगमध्ये २४ गोल केले आणि पियाचेन्साच्या दारिओ ह्युबनरसह सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान मिळवला. ५ मे २००२ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, युव्हेंतसचा सामना उदिने येथे होता आणि गुणतक्त्यात अग्रस्थानी इंटर होता. त्रेझेगेने दुसऱ्याच मिनिटाला, तर देल पियेरोने थोड्या वेळात दुसरा गोल केला. तिकडे रोममध्ये इंटर लाझिओकडून ४–२ असा हरला आणि विजेतेपद युव्हेंतसकडे आले.

मोक्याच्या पेनल्टीने मात्र त्याला दोनदा दगा दिला. २००३च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मिलानविरुद्ध शूटआऊटमधील युव्हेंतसचा पहिला फटका त्याचा होता. तो अडवला गेला आणि चषक गेला. ९ जुलै २००६ रोजी बर्लिन येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो जादा वेळेत मैदानात उतरला. शूटआऊटमध्ये त्याचा फटका आडव्या दांड्यावर आदळून रेषेबाहेर पडला. इटली ५–३ असा जिंकला. दोन्ही संघांच्या नऊ फटक्यांपैकी हुकलेला फटका तेवढा एकच. समोर गोलरक्षक होता जानलुइजी बुफाँ, युव्हेंतसमधला त्याचाच सहकारी. आणि इटलीचा चौथा फटका यशस्वी करणारा देल पियेरो. सहा वर्षांपूर्वीचा हिशेब असा चुकता झाला. त्या रात्रीच्या चर्चेत झिनेदिन झिदानने मारलेली डोक्याची धडक एवढी गाजली की, हुकलेल्या पेनल्टीची आठवण मागे पडली. त्रेझेगेच्या दृष्टीने ती कदाचित कृपाच म्हणावी.

या सामन्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, १४ जुलै २००६ रोजी, पंच-नेमणुकीच्या गैरव्यवहार प्रकरणाचा पहिला निकाल लागला. युव्हेंतसची २००५ आणि २००६ची विजेतेपदे गेली व क्लबला द्वितीय श्रेणीत ढकलण्यात आले. शिवाय नव्या हंगामाची सुरुवात उणे ३० गुणांनी करण्याची शिक्षा झाली. अपिलांनंतर ती उणे ९ गुणांवर आली. कानाव्हारो आणि एमेर्सन रेआल माद्रिदला, इब्राहिमोविच आणि व्हिएरा इंटरला, तुराम आणि झाम्ब्रोता बार्सेलोनाला गेले. बुफाँ, देल पियेरो, नेदवेद, कामोरानेसी आणि त्रेझेगे हे पाच मोठे खेळाडू मागे राहिले. यांपैकी चौघांच्या निष्ठेचे गोडवे इटलीत आजही गायले जातात, पण त्रेझेगेचे नाव घेताना स्वर किंचित खाली येतो. तो इटलीचा नव्हता आणि क्लब सोडण्याच्या इच्छेच्या बातम्या त्याच्याभोवती सतत फिरत राहिल्या, हे त्याचे कारण असावे. आकडे मात्र निःसंदिग्ध आहेत : द्वितीय श्रेणीत देल पियेरोचे २० आणि त्रेझेगेचे १५ गोल, प्रथम श्रेणीत परतल्यावर २००७–०८मध्ये अनुक्रमे २१ आणि २०. त्या वर्षी इटालियन लीगच्या गोलयादीत पहिली दोन नावे या दोघांची होती.

यानंतर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे २००८–०९च्या हंगामातील बराच काळ त्याला बाहेर बसावे लागले. युरो २००८साठी निवड न झाल्याने त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधूनही निवृत्ती घेतली.

प्रस्थान

२००९–१०चा हंगाम युव्हेंतसला सातव्या स्थानावर संपवावा लागला. मे २०१०मध्ये आन्द्रेआ आन्येल्ली अध्यक्ष झाले, नवे व्यवस्थापन आणि नवा प्रशिक्षक आला. जुन्या, मोठ्या पगाराच्या खेळाडूंना निरोप देऊन संघ नव्याने बांधायचा, हे धोरण ठरले. कराराची मुदत शिल्लक असतानाच ऑगस्ट २०१०च्या अखेरीस परस्परसंमतीने करार संपवून त्रेझेगे बाहेर पडला. त्याच सुमारास कामोरानेसीही जर्मनीला गेला. त्रेझेगेच्या खात्यावर त्या वेळी ३२० सामने आणि १७१ गोल होते. युव्हेंतसच्या इतिहासात परदेशी खेळाडूंमध्ये सर्वाधिक. त्याच्याआधी हा मान ओमार सिवोरीचा होता. सिवोरी १९५७ साली अर्जेन्टिनाच्या रिव्हर प्लेटमधून युव्हेंतसला आला होता. त्रेझेगेचा प्रवास थोड्याच काळात त्याच वाटेने, पण उलट दिशेने होणार होता.

नामांकित खेळाडू उतारवयात क्लब सोडतो तेव्हा त्याच्यापुढे सहसा दोन वाटा असतात. एक आखातातील किंवा अमेरिकेतील सुखाची. दुसरी लहान क्लबात जाऊन पुन्हा दर आठवड्याला परीक्षा देण्याची. त्रेझेगेने आधी दुसरी वाट धरली. अलिकान्ते शहरातील एर्कुलेस हा क्लब तेरा वर्षांनी स्पेनच्या प्रथम श्रेणीत परतला होता. तो दाखल झाल्यावर पंधरवड्याच्या आत या संघाने बार्सेलोनाला त्यांच्याच मैदानावर २–० असे हरवले. दोन्ही गोल नेल्सन वाल्देसचे होते. त्रेझेगेने लीगमध्ये १२ गोल केले, तरी हंगामाअखेर संघाची घसरण टळली नाही. त्यानंतर अबुधाबीच्या बनियास क्लबमधील वास्तव्य काही महिन्यांचेच ठरले.

रिव्हर प्लेट

जून २०११मध्ये रिव्हर प्लेट हा अर्जेन्टिनाचा मातब्बर क्लब इतिहासात प्रथमच द्वितीय श्रेणीत घसरला होता. बालपणापासून त्रेझेगे याच क्लबचा चाहता. त्या वर्षाच्या अखेरीस तो तेथे रुजू झाला. घसरलेल्या मोठ्या क्लबला वर काढण्याचा अनुभव त्याच्यापाशी होताच. १९ सामन्यांत त्याने १३ गोल केले. २३ जून २०१२ रोजी आल्मिरान्ते ब्राऊनविरुद्धच्या ज्या विजयाने रिव्हर पुन्हा प्रथम श्रेणीत गेला, त्या सामन्यातील दोन्ही गोल त्याचेच होते. युव्हेंतसनंतरच्या चार वर्षांतील हा सर्वोच्च क्षण होय. पुढे दुखापती वाढल्या. २०१३–१४चा हंगाम तो रोसारिओच्या नेवेल्स ओल्ड बॉइजकडून खेळला.

पुणे (२०१४)

इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर २०१४ या काळात झाला. आठ संघांपैकी प्रत्येकाने जागतिक कीर्तीचा एक ‘मार्की’ खेळाडू घेणे अपेक्षित होते. हंगाम जेमतेम दहा आठवड्यांचा असल्याने पस्तिशी ओलांडलेल्या खेळाडूंना तो पेलवणारा होता, आणि नव्या स्पर्धेला प्रेक्षक खेचण्यासाठी परिचित नावे हवी होती. त्यामुळे मुंबईकडे फ्रेडी युंगबर्ग, गोव्याकडे पिरेस, दिल्लीकडे देल पियेरो आणि पुण्याकडे त्रेझेगे आला. हा एफसी पुणे सिटी आणि २००९पासून आय-लीगमध्ये खेळणारा पुणे एफसी हे दोन वेगळे क्लब होते. त्यांची गल्लत करू नये.

पुणे सिटीची भागीदारी इटलीच्या फिओरेन्तिना क्लबशी होती. फिओरेन्तिना आणि युव्हेंतस यांचे वैर इटलीत सर्वश्रुत आहे. तुरीनमध्ये दहा वर्षे घालवलेल्या माणसाने त्यांच्या भागीदार क्लबचा सदरा घालावा, ही गंमत पुण्यातल्या प्रेक्षकांच्या क्वचितच ध्यानात आली असेल. प्रशिक्षक फ्रान्को कोलोंबा इटलीचे होते. ग्रीसच्या युरो २००४ विजेत्या संघातील कोस्तास कात्सुरानिस हाही संघात होता. घरचे सामने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात होत. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले हे संकुल लातूर-नांदेडकडच्या शाळकरी खेळाडूंनाही राज्यस्तरीय स्पर्धांमुळे परिचित आहे.

पुण्याचा पहिला सामना १४ ऑक्टोबर २०१४ रोजी दिल्लीत झाला. रॉटरडॅमचे प्रतिस्पर्धी, तुरीनचे सोबती आणि बर्लिनचे पुन्हा प्रतिस्पर्धी असलेले देल पियेरो व त्रेझेगे येथे विरुद्ध संघांत होते. दुसऱ्या दिवशी त्रेझेगेला सदतीस वर्षे पूर्ण होणार होती. देल पियेरो चाळिशीला टेकला होता. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. चार दिवसांनी नवी मुंबईत मुंबई सिटीने पुण्याला ५–० असे लोळवले. त्रेझेगेचे दोन्ही गोल बालेवाडीत झाले : २६ ऑक्टोबरला गोव्यावरील २–० अशा विजयात एक, आणि ३० ऑक्टोबरला केरळविरुद्ध एक; मात्र केरळने तो सामना २–१ असा जिंकला. एकूण ९ सामन्यांत २ गोल ही त्याची पुण्यातील कामगिरी. संघ सहाव्या स्थानी राहिला आणि बाद फेरीत पोहोचला नाही.

ही कामगिरी निराशाजनक होती, असे म्हणणे सोपे आहे. पण त्रेझेगे धावून संधी निर्माण करणारा खेळाडू कधीच नव्हता. पेनल्टी क्षेत्रात नेमक्या क्षणी नेमक्या जागी पोहोचणे आणि आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात, पायाने वा डोक्याने, जाळ्यात घालणे हा त्याचा धर्म. अशा खेळाडूचा डोलारा बाजूंनी येणाऱ्या अचूक चेंडूंवर उभा असतो. थोड्या आठवड्यांच्या सरावावर जुळवलेल्या संघात असे चेंडू मोजकेच मिळाले.

जानेवारी २०१५मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर तो युव्हेंतसमध्ये परतला आणि क्लबचा जागतिक प्रतिनिधी म्हणून काम पाहू लागला. इंडियन सुपर लीगमधील मार्की खेळाडूची सक्ती २०१७मध्ये उठली. आर्थिक अडचणींमुळे एफसी पुणे सिटी २०१९ साली बंद पडला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली.