भोगीचे ताट आणि अर्धी तृप्ती

मकरसंक्रमणाच्या आदल्या दिवशी येणारी भोगी म्हणजे थंडीतील आहाराविषयी आपल्या पूर्वजांनी घालून दिलेला वस्तुपाठच होय. भीमा आणि घोड या नद्यांच्या परिसरातील मांडवगण फराट्यासारख्या गावी या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी आणि वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे यांची लेकुरवाळी भाजी असा नैवेद्य असतो. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे.

या ताटामागे शास्त्र आहे. थंडीत बलवान माणसाचा जठराग्नी प्रदीप्त होतो. त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसच शोषून घेतो, असे चरकाचार्य सांगतात. म्हणून या ऋतूत स्निग्ध व पौष्टिक अन्न विहित आहे. बाजरीतून लोह व तंतू मिळतात, तिळातून स्नेह व कॅल्शियम.

परंतु तेच आचार्य दुसरी गोष्टही बजावतात, आणि तिचाच आपल्याला विसर पडतो. तीळ आणि उसाचे पदार्थ त्यांनी स्वभावतःच जड मानले असून, जड अन्न अर्धी तृप्ती होईल इतकेच घ्यावे, असा त्यांचा दंडक आहे. वाग्भटांनीही स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानास थंडीत व्यायाम सांगितला, तोही अर्ध्या शक्तीने. पूर्वी पहाटे मोट हाकणाऱ्यास आणि जात्यावर दळणाऱ्या माउलीस वेगळा व्यायाम नको होता. आज मोटेच्या जागी विजेचा पंप आला, दळण गिरणीत गेले. ताट मात्र तेवढेच राहिले! भारतात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला, हे ध्यानी घेतले म्हणजे या दंडकाचे मोल कळते.

गूळ साखरेहून सात्त्विक, म्हणून मधुमेह्यास चालतो, ही समजूत घातक आहे. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवास पाच घरी जाणाऱ्या भगिनींनी प्रत्येक घरची वडी तेथेच खावी, असे कोठेही सांगितलेले नाही. कणभर प्रसाद मुखी घालावा, उरलेला घरी आणून वाटावा. भाकरी-भाजी आधी, गोड शेवटी. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. ते थोडे थोडे दळून आणावे. पथ्यावर असलेल्यांनी सणासाठी औषध चुकवू नये आणि वैद्यांच्या सल्ल्यानेच काय ते घ्यावे.

धर्मशास्त्राने तिळाचे सहा उपयोग सांगितले आहेत: स्नान, उटणे, होम, तर्पण, भक्षण आणि दान. सहांपैकी भक्षण एकच! आपल्या घरी डबे भरून राहिलेला तीळगूळ कडाक्याच्या थंडीत ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या लेकरांच्या हाती पडला, तर दानाचे पुण्य त्यांना ऊब देईल आणि मिताहार आपल्याला आरोग्य.

तीळगूळ देताना आपण ‘गोड बोला’ म्हणतो, ‘गोड खा’ म्हणत नाही. वाचकहो, या संक्रांतीस गोडी वाणीत वाढो, ताटात मात्र बेताचीच राहो, हीच सूर्यनारायणाचरणी प्रार्थना.