ट्रायकोकार्डांचे गणित

उसातील खोडकिडीच्या अंड्यांवर वाढणारा ट्रायकोग्रामा चिलोनिस हा परोपजीवी प्रौढावस्थेत काही दिवसच जगतो. मग हेक्टरी ५०,००० कीटक एकदम सोडावेत की हप्त्यांनी?

शेतातील संख्या ‘न’, दैनिक मृत्युदर ‘म’ व रोज सोडलेले कीटक ‘स’ मानल्यास, नवी पैदास वगळून, न′ + मन = स हे प्रथम कोटीचे रेषीय अवकल समीकरण मिळते. ते आहे तसे समाकलित होत नाही. मात्र ‘क’ दिवसांसाठी ई^(मक) या समाकलन गुणकाने (ई = २.७१८…) गुणताच डावी बाजू न·ई^(मक) या एकाच गुणाकाराचा अवकलज ठरते, सारी युक्ती एवढीच. समाकलनानंतर:

न = स/म + (न₀ − स/म)·ई^(−मक)

दुसरे पद झपाट्याने विरते. आरंभीची संख्या न₀ कितीही मोठी असो, अखेर स/म उरते. म = ०.५ धरल्यास एकदाच सोडलेल्या ५०,००० पैकी दहाव्या दिवशी सुमारे ३४० उरतात. तेच रोज ५,००० सोडल्यास संख्या १०,००० च्या आसपास स्थिरावते. कार्डे तेवढीच, पण अंडी घालणाऱ्या पतंगाला मोकळा दिवस मिळत नाही. मध्येच कीटकनाशक फवारून म = १ झाला, तर ती पातळी ५,००० वर येते.