माळ्यावरची गाठोडी

दिवाळीपूर्वीची झाडलोट काढली की प्रत्येक घरात एखादा जुना प्रश्न हटकून वर येतो. आमच्या घरी गेल्या वर्षी तो माळ्यावरून खाली आला, आणि तोही सात गाठोड्यांच्या रूपाने!

ही गाठोडी माझ्या सासूबाईंची. ठाण्यातली जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा त्या आमच्याकडे डोंबिवलीला आल्या. येताना त्यांनी पितळेची भांडी वाटून टाकली. गाठोडे मात्र एकही सोडले नाही. त्यांत आजेसासूबाईंची नऊवारी लुगडी होती, मामंजींची धोतरे होती, मुलांची झबली होती आणि शिंप्याकडून मागून आणलेल्या चिंध्याही होत्या. ह्या साऱ्यांतून त्या गोधड्या शिवत. देशावर हिलाच वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेवर कवदी. नावे निराळी, ऊब एकच.

डोंबिवलीला आल्यापासून मात्र त्यांनी सुई हातात धरली नव्हती. "आईचे डोळे आता साथ देत नसतील," असे हे म्हणाले आणि आम्ही सर्वांनी ते खरे मानले. गाठोडी माळ्यावर गेली.

मागच्या खोलीत माझ्या एम.ए.च्या वह्यांचे एक कपाट होते. ते मोडकळीला आले, म्हणून त्या जागी भिंतभर नवे कपाट करायचे ठरले. सुतारमिस्त्रींनी टेप लावून हिशेब सांगितला, "मध्ये बाईंच्या वह्या, खाली कपडे. वर छतापर्यंत कप्पा काढू, गाठोडी तिथं जातील."

दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "वरच ना? मग आहेत तिथंच राहू देत." त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला लागले.

रात्री मी विचारले, "आई, तुम्ही हल्ली शिवत का नाही?"

"अगं, कापड डोळ्यांसमोर असलं तर सुचतं. हिरव्याशेजारी कोणतं लावायचं, ते बांधल्या गाठोड्यात कसं दिसणार? आणि एका चिंधीसाठी स्टुलावर कोण चढणार? तुम्ही दोघं दमून येता. सांगायचं जिवावर येतं."

म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हता, माळ्याचा होता. वर्षानुवर्षे मुलांच्या उत्तरपत्रिकांत चुका शोधणाऱ्या मला घरातली ही चूक दिसली नव्हती. मग मीच कपाटाचा अभ्यास आरंभला.

पहिली फेरी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात झाली. तयार कपाटे चकचकीत होती आणि स्वस्तही होती. पण त्यांतली बरीचशी भुसा दाबून केलेल्या फळ्यांची! अशी फळी एकदा पाणी प्याली की फुगते आणि तिच्यातले स्क्रू ढिले पडतात. लोखंडी कपाटाला वाळवी लागत नाही हे खरे. पण आपल्या दमट हवेत रंगाचा टवका उडाला की तिथे गंज धरतो, आणि गंजाचा डाग सुती कापडावरून सहजासहजी निघत नाही. शेवटी पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडवर मत पडले. खर्च वाढला, पण बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीची निवड केली, कपाटामागे दोन इंच जागा सोडली आणि दारांना जाळी बसवली. पावसाचे चार महिने कापडालाही हवा हवी!

मग मापे. साड्या टांगायच्या कपाटाची खोली बावीस-चोवीस इंच असते. घडीच्या कापडाला चौदा-पंधरा इंच पुरतात. अधिक खोल कप्प्यात मागे दुसरी रांग लागते आणि ती कायमची विसरली जाते. दोन फळ्यांमधले अंतर दहा इंच ठेवले, कारण चळत उंच झाली की खालची घडी ओढताना वरचा डोलारा कोसळतो. फळीची लांबी अडीच फुटांपुढे जाऊ दिली नाही. आमच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक म्हणाले, "फळी दुप्पट लांब केलीत आणि तितकंच दाट सामान भरलंत, तर तिचा बाक सोळापट होईल." कापड हलके असते, हा आपला भ्रम. चळत उचलून पाहा!

सर्वांत खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, तरीही हा आग्रह माझा. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणला तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या मावशीची जमिनीवरची ट्रंक चिखलाने भरली होती, ते मी विसरलेले नाही. शिवणाचे यंत्र कमरेच्या उंचीवर ठेवले, कारण ते वाकून उचलण्याचे आईंचे वय नाही. रिळे, सुया, बटणे ह्यांसाठी तीन इंचांचे उथळ खण केले. खोल खणात सुई शोधणे म्हणजे बोट टोचून घेणे!

काही गोष्टी सासूबाईंनीच शिकवल्या. कांजी केलेले कापड तसेच ठेवू नये, कसरीला ती आवडते. धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच घडी घालावी. दर सहा महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घालावी, नाहीतर कापड रेघेवर फाटते. फळीवर वर्तमानपत्र घालू नये, शाई लागते. मामंजींचे धुतलेले धोतर अंथरावे. डांबराच्या गोळ्यांना मात्र मी बंदी केली. गोधडीत तान्ही मुले निजतात, आणि काही बाळांच्या रक्ताला त्या वासाने अपाय होतो. त्यांच्याऐवजी वाळलेला कडुनिंब आला.

उरला माझ्या वह्यांचा प्रश्न. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतची सारी जागा कापडाने घेतली होती. "मग बाईंच्या वह्या?" मिस्त्रींनी विचारले. मी बोट वर केले.

गाठोडी सासूबाईंनी एकटीने सोडली. दोन गाठोडी कसरीने खाल्ली होती. ती त्यांनी न हळहळता टाकली. बाकीच्यांच्या रंगांप्रमाणे घड्या लागल्या. चौथ्या दिवशी मी कॉलेजातून आले, तर आजेसासूबाईंचे हिरवे लुगडे जमिनीवर पसरले होते आणि त्याच्या कडेने पहिला धावदोरा निम्म्यावर आला होता. "ह्याला शेजारी पिवळं बरं की तांबडं?" मान वर न करता त्यांनी विचारले.

ती गोधडी ह्या दिवाळीला पुरी झाली. दुसरीची जुळवाजुळव चालू आहे. माझ्या वह्या माळ्यावर आहेत, आणि त्या खाली काढण्याची गरज अजून कोणालाही, अगदी मलासुद्धा, पडलेली नाही.